खडकी बाजारातलं हॉकी स्टिक दुरुस्तीचं दुकान

लेकीच्या स्टिकची खालची कड सराव सामन्यात चिरली. घेऊन चारच महिने झाले होते. जिथून घेतली त्या मोठ्या दुकानात नेली, तर हातातही न घेता म्हणाले, "नवीनच घ्या मॅडम." साडेसहा हजारांची वस्तू! शेवटी तिच्या सरांनी पुण्यातल्या खडकी बाजारातल्या या काकांकडे पाठवलं.

दुकान म्हणजे जेमतेम एक शटर. काकांनी स्टिक कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने टकटक करत मुठीपासून खालपर्यंत गेले. आवाज कुठे पोकळ येत नाही, चीर वरच्या थरातच आहे, एवढी खात्री झाल्यावरच काम घेतलं. कड पॉलिश पेपरने घासून एपॉक्सी गोंद भरला, वर पातळ टेप. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर खणातून एक लोखंडी कडी काढून स्टिक तिच्यातून सरकवून दाखवली. टेपसकट स्टिक ५१ मिलिमीटरच्या कडीतून जायलाच हवी, असा नियम आहे. मला तो त्या दिवशी कळला.

लेक मात्र हिरमुसली होती. टेपवाली स्टिक घेऊन टर्फवर कसं जायचं?

काकांनी विचारलं, "धनराज पिल्ले कुठला गं?"

"मुंबईचा."

"अगं, आपल्या खडकीचा!" मग हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसले. धनराजचे वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. पोरं मोडक्या स्टिका बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी मातीत खेळायची. त्यातला हा मुलगा ४ ऑलिंपिक, ४ वर्ल्ड कप आणि ४ एशियाड खेळला. १९९८ला बँकॉकमध्ये तो कॅप्टन असताना ३२ वर्षांनी एशियाडचं सोनं आलं. त्या फायनलला, कोरियाविरुद्धच्या पेनल्टी स्ट्रोकच्या वेळी, आमचे बाबा टीव्हीसमोर उभेच होते, बसलेच नाहीत. ते मी तिला पहिल्यांदाच तिथे उभ्या उभ्या सांगितलं.

दुरुस्तीचे दीडशे रुपये झाले. ग्रिपमध्ये रंग फार नाहीत आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानेच जा. टेप सुटली तर परत आण, पैसे घेणार नाही, असं काकांनी मला नाही, लेकीला सांगितलं. तीन आठवडे ती रोज त्याच स्टिकने खेळतेय, अजून सुटलेली नाही.