ऑब्लिक: तिरकस म्हणावं, अप्रत्यक्ष म्हणावं की आडून?

इंग्रजीतून भाषांतर करताना ऑब्लिक (oblique) हा शब्द आला की तीन पर्याय हाताशी असतात. रेषेपुरता प्रश्नच नाही. सूर्यकिरण तिरपे, रेघ तिरकी, पृथ्वीच्या अक्षाचा २३.५ अंशांचा तो कल. अडतं ते बोलण्यापाशी.

तिरकस हा पर्याय पहिला सुचतो, कारण चित्र तेच आहे: लॅटिन मुळातही तिरपेपणाच आहे. पण मराठीत तिरकस बोलणारा माणूस खवचट असतो. इंग्रजी शब्द बोलण्याची फक्त दिशा सांगतो, हेतू सांगत नाही. तिरकस हेतूही सांगून टाकतो. समजा, बैठकीत पगारवाढीचं नाव न काढता कुणी एवढंच म्हणालं, ‘हल्ली घरभाडी फार वाढलीत.’ यावर ‘त्यांनी पगारवाढीचा तिरकस उल्लेख केला’ असं लिहिलं, तर बिचाऱ्याने पगारवाढीची खिल्ली उडवली असं वाचकाला वाटेल. दिवंगत वडिलांच्या हळुवार आठवणीला हा शब्द लागला तर मुलगा बापाला टोमणे मारताना दिसतो. वाक्य व्याकरणात चोख असल्यामुळे मुद्रितशोधनातही ही चूक सापडत नाही. माझ्यापुरता तिरकस इथेच मागे पडला.

अप्रत्यक्ष सुरक्षित आहे. कायद्याचा मसुदा, अहवाल, परिपत्रक अशा मजकुरात तोच बरा. मात्र अप्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष निवडणूक, अप्रत्यक्ष कथन इथे त्याने इन्डायरेक्टची जागा आधीच धरलेली आहे. एकाच परिच्छेदात इन्डायरेक्ट आणि ऑब्लिक दोन्ही आले की दुसऱ्यासाठी शब्द उरत नाही. शिवाय बोलणं सरळ नव्हतं एवढंच तो सांगतो. कसं होतं ते सांगत नाही.

आडून मला जवळचा वाटतो. मध्ये काहीतरी आड आहे आणि बोलणं त्याच्यामागून येतंय, हे त्यात दिसतं. ‘लेकी बोले सुने लागे’ मध्ये लेक ही ती आड आहे, आणि तिथे बोच आहे. ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ यात बोच नाही, नुसता संकोच आहे. आडून दोन्हीकडे चालतो. बोच हवी असेल तर ‘आडून टोमणा मारला’ असं वेगळं लिहायचं. ‘पगारवाढीचा विषय त्यांनी आडून काढला’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी शोभेल.

अडचण एकच. आडूनला क्रियापद लागतं, विशेषण म्हणून तो नामाआधी नुसता बसत नाही. ‘आडून केलेला उल्लेख’ असं लांबवावं लागतं. मथळ्यात तेवढी जागा नसते. वर्तमानपत्रांनी त्यावर ‘नाव न घेता टोला’ हा तोडगा काढला आहे, पण टोला आला की बोच आलीच. आडवळणाने हा भाऊबंद इथे खुणावतो, मात्र त्यात लांबचा फेरा आहे. ऑब्लिक बोलणं दोन शब्दांचंही असू शकतं. नुसतं विशेषणच हवं असेल तर सूचक बघावा. पण सूचक शब्द ऐकणाऱ्याला अर्थ कळावा असं गृहीत धरतो, आणि ऑब्लिक बोलणं कधी कधी कळू नये म्हणूनच केलेलं असतं.

नजरेच्या बाबतीत जरा जपून. तिरका कटाक्ष चालेल, तिरळी नजर नको; ते डोळ्याचं व्यंग झालं. ‘डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं’ हे सर्वांत निर्धोक. व्याकरणातल्या ऑब्लिक रूपाला आपल्याकडे पूर्वीपासून सामान्यरूप म्हणतात: घोडा, पण घोड्याला, पाणी, पण पाण्यात. तिथे नवा शब्द घडवू नये.

राहिली पत्त्यातली तिरकी रेघ. ‘बारा ऑब्लिक तीन’ असं सर्रास सांगतात, ते तसंच राहू द्यावं. ७/१२ मधली रेघ तर आपण उच्चारतही नाही, सरळ सातबारा म्हणतो.