चुंबक चिकटलं नाही, म्हणून आम्ही विश्वास ठेवला

कोकणातल्या आमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीत जिन्यावर दोन मजले उंच मोकळी जागा आहे. छताच्या काचेतून तिथे ऊन उतरतं. त्या उन्हात चमकणाऱ्या तीनशे स्टीलच्या पानांचं लटकतं शिल्प करायचं ठरलं. पैसे देणगीचे. निवृत्त शिक्षकांनी आणि बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांनीही त्यात भर घातली होती.

काम घेणाऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तांबूस थेंब वरखाली होत विमानाचा आकार घेत होते. "हे आमचंच काम." खरं तर ते सिंगापूरच्या चांगी विमानतळावरचं २०१२ सालचं 'कायनेटिक रेन', १,२१६ थेंबांचं. इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडलं असतं. आम्ही शोधलं नाही, साठ टक्के रक्कम आगाऊ दिली.

माल आला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर पानाला चुंबक लावलं. चिकटलं नाही. "बघा, अस्सल ३०४!" ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलची एक ग्रेड. मीच मान डोलावली आणि उरलेले पैसेही दिले.

पहिल्याच पावसाळ्यात पानांवर तपकिरी डाग पडले. एक पान प्रयोगशाळेत दिलं. ३०४ मध्ये निकेल साधारण आठ टक्के असतं, आमच्या पानात जेमतेम एक टक्का निघालं. बदल्यात मँगेनीज भरपूर. ही स्टेनलेस स्टीलचीच स्वस्त २०० सिरीज, आणि तिलाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ वाकवलं की कडेला चुंबक थोडं ओढू शकतं. म्हणजे ती परीक्षा मुळातच निरुपयोगी होती. खाऱ्या हवेत तर गंजाला जास्त टिकणारी ३१६ ही ग्रेडच घ्यायला हवी होती, हेही तेव्हाच कळलं.

जाब विचारला तर तो म्हणाला, "कोटेशनमध्ये ३०४ कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. नुसतं 'एस.एस. मिरर पॉलिश', म्हणजे आरशासारखं चकचकीत स्टेनलेस स्टील. ग्रेड नाही, जाडी नाही, वजन नाही. तोंडी बोलण्याला वकिलाने किंमत दिली नाही.

माझी झोप उडवली ती पानं लटकवणाऱ्या तारांनी. खाली मुलं पुस्तकं वाचत बसतात. इंजिनिअरने पाहिलं तर तारा छताच्या स्लॅबला नव्हे, जिप्समच्या फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांना बांधलेल्या. त्याच दिवशी सगळं उतरवलं.

शेवटचा हप्ता देण्याआधी स्टील बनवणाऱ्या गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) मालाशी जुळवा, आणि आलेल्या ढिगातलं एक पान स्वतः निवडून तपासायला द्या. आमचं कोटेशन आणि प्रयोगशाळेचा अहवाल कपाटात ठेवलाय. कुठल्याही संस्थेला असं काम द्यायचं असेल तर या, दाखवतो.