लीचेसवरचे लीला बॉट: समोरच्याला वजीर नाही, तरी घाम फुटतो

सांगलीत मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. घरी सरावाला कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं पालक विचारतात. हल्ली मी लीचेस सांगते. फुकट आहे, जाहिराती नाहीत, पण माझं खरं कारण तिथले लीला बॉट आहेत, म्हणजे लीला नावाच्या बुद्धिबळ प्रोग्रॅमचे आपोआप खेळणारे खेळाडू.

बऱ्याच अ‍ॅपमधल्या 'सोप्या लेव्हल'वर माझा राग आहे. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, पंधरा-वीस चाली ग्रँडमास्टरसारखं खेळतं आणि मग एकदम हत्ती फुकट देऊन टाकतं. मुलगा जिंकतो, पण का जिंकला ते त्याला सांगता येत नाही. जिंकू दिलेला डाव मुलांना लगेच कळतो.

'लीला क्वीन ऑड्स' वजीर न घेताच डाव मांडतो. दिलेली सवलत पहिल्या चालीआधीच पटावर दिसते, आणि त्यानंतर तो मुद्दाम चूक करत नाही. नेहमीचं इंजिन समोरचा अचूक खेळेल असं धरून चालतं, म्हणून वजीर कमी असला की त्याला सगळ्याच चाली सारख्याच वाईट दिसतात. लीला अशा डावांसाठी खास तयार केलेली आहे. मोहऱ्यांची अदलाबदल टाळते, प्यादी अडकवून ठेवते, पट गुंतागुंतीचा करते. माझ्या एका विद्यार्थ्याचा काळा वजीर बी२ चं प्यादं खायला गेला. तेवढ्यात पांढरा घोडा एफ५ वर येऊन बसला, मागून उंट आणि हत्ती वळले. वजीर तिकडे लांब, राजा इकडे एकटा. डाव गेला. पण नंतर पोराने स्वतःच बोट ठेवून दाखवलं, 'मॅडम, इथे घोड्याला घोडा द्यायला हवा होता.' मला हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते: लीलाचे जुने डाव आधी बघायला मिळतात. 1997 मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेता कास्पारोव्ह आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या संगणकाशी 3.5-2.5 असा हरला. त्याचे आयुष्यभराचे डाव आयबीएमच्या लोकांसमोर होते, मशीनचे सरावाचे डाव मात्र त्याला बघायला मिळाले नाहीत. वर दोन डावांच्या मध्ये प्रोग्रॅममध्ये बदल करायची मुभा होती. 2002 मध्ये बहारीनला जगज्जेत्या क्रॅमनिकला समोरचं डीप फ्रिट्झ हे इंजिन आधी अभ्यासायला मिळालं आणि सामना 4-4 असा बरोबरीत सुटला. लीलाच्या प्रोफाइलवर तिचे खेळलेले डाव कोणालाही उघडून बघता येतात, उतरवून घेता येतात. कास्पारोव्हला जे मिळालं नाही ते माझ्या सातवीतल्या मुलांना मिळतं.

वेळ मात्र नीट निवडा. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये मशीनला घाई जाणवत नाही, माणसाला जाणवते; तिथे वजीर जास्त असूनही उपयोग नाही. रॅपिड, म्हणजे जरा जास्त वेळेचा डाव घ्या, प्रत्येक चालीला जादा सेकंद मिळतील असा.

अगदी नवख्यांना लीला देऊ नका. त्यांच्यासाठी तिथेच 'माया' बॉट आहेत. ते माणसांच्या डावांवरून शिकलेत. 'माया 1' साधारण 1100 रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा) खेळाडूंवरून. त्याच्या चुका माणसाच्या असतात, त्यामुळे समजावताही येतात. वजिराऐवजी फक्त घोडा न घेता खेळणारा लीला बॉटही आहे, पण तो मी कोणाला सुचवत नाही. 2016 मध्ये नाकामुरासारखा अव्वल ग्रँडमास्टर सवलती घेऊनही कोमोडो इंजिनकडून 2.5-1.5 हरला होता. आधी वजिराच्या सवलतीत सलग जिंकून दाखवा, मग बघू.