सर्वो सांगून स्टेपर गळ्यात मारली

मशीन घेताना किती रुपयांना फसलो तो आकडा आधी सांगून टाकतो, कारण सगळे तोच आधी विचारतात. १,२५,००० रुपये. रोख, पावतीशिवाय. हसून घ्या, मग पुढे वाचा.

सातारा जिल्ह्यात माझा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मी आणि दोन कारागीर. देव्हारे, जाळ्या, दरवाज्यांवरची नक्षी. हाताने कोरणारी माणसं मिळेनात म्हणून चार बाय आठ फुटांचं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. पुण्याजवळच्या एका विक्रेत्याने दोन भाव दिले. स्टेपर मोटरचं मशीन ३,९५,०००, सर्वो मोटरचं ५,२०,०००, वर जीएसटी. कोरायचं हत्यार इकडेतिकडे सरकवणाऱ्या मोटरचे हे दोन प्रकार. "शेठ, नक्षीचं काम ना तुमचं? मग सर्वोच घ्या, स्टेपर म्हणजे खेळणं," हे तोच म्हणाला. पुढे नेहमीचंच. बिल स्टेपरच्या भावाचं करू, फरकाचे रोख द्या, तुमचे जीएसटीचे २२,५०० वाचतील. कर्जातून जीएसटीसह ४,६६,१०० त्याच्या खात्यावर गेले. सौ.च्या भिशीचे आणि माझ्याजवळचे मिळून १,२५,००० मी स्वतः पिशवीतून नेऊन दिले. बाजारात असंच चालतं, मी काही जगावेगळं केलं नाही. पण समोरचा "तुमचा टॅक्स वाचवतो" म्हणाला की समजा, तो स्वतःविरुद्धचा पुरावा पुसतोय.

आता ज्यामुळे अजून रात्री जाग येते ती गोष्ट. त्याच्या टेबलावर एक सुटी मोटर पडली होती. "हीच बसते तुमच्या मशीनला, वजन बघा," म्हणत त्याने ती माझ्या हातात दिली. वायर कशालाच जोडलेल्या नव्हत्या. मी सहज शाफ्ट बोटांनी फिरवला. तो सरळ फिरेना. कट, कट, कट, बारीक खाचांवरून अडखळत जावा तसा. मी बोललोसुद्धा, "अहो, ही तर खटके खातेय." तो म्हणाला, "तीच तर अचूकता, शेठ. प्रत्येक खटका म्हणजे एक माप."

आणि मी मान डोलावली.

जिव्हारी लागतं ते हेच, की त्या वाक्यात तो खोटं बोललाच नाही. खटका म्हणजे माप, हे स्टेपरचंच वर्णन. तिच्या आत चुंबकाचा दातेरी रोटर, म्हणजे फिरणारा भाग असतो, ५० दात्यांचा. भोवती तारेच्या गुंडाळ्यांचे दोन संच. ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा डबा, आळीपाळीने त्यांत सुलट-उलट करंट सोडतो आणि दर वेळी रोटर एक पायरी सरकतो. पायरी १.८ अंशांची, फेरीला २०० पायऱ्या. वीज नसली तरी चुंबक दात्याला धरून असतो, म्हणून हाताला खटके. गिरणीची मोटर वेगळी. तिला वीज दिली की फिरत सुटते, मिनिटाला १४४०च्या आसपास फेऱ्या, आणि थांबली कुठे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. स्टेपरला बॅटरीसारखी नुसती डीसी वीज दिली तर ती फिरत नाही, उलट जागच्या जागी घट्ट धरून बसते. पल्स, म्हणजे विजेचा एकेक ठोका आला तरच हलते.

सर्वोच्या पाठीवर एन्कोडर असतो. शाफ्ट नेमका कुठे आहे हे तो ड्रायव्हरला सतत कळवतो. कुठे अडलं तर सर्वो जोर वाढवते, तरी जमलं नाही तर अलार्म देऊन थांबते. साध्या स्टेपरला पाठीवर डोळे नाहीत. शंभर पल्स पाठवल्या म्हणजे शंभर पायऱ्या झाल्या, असं मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर धरून चालतो. झाल्या की नाही, कोणी बघत नाही. त्या डोळ्यांचेच तर मी १,२५,००० मोजले होते!

हे सगळं आज सांगतोय. तेव्हा कुठे माहीत होतं? मी सागवान वासावरून ओळखेन, मोटर कशी ओळखणार? बरोबर भाचा होता, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. तो नेमका त्या वेळी बाहेर फोनवर. त्याला दोष देत नाही. थोडा देतो.

दुसरी खूणही समोर होती. चहा होईपर्यंत मशीन वीस मिनिटं नुसतं चालू होतं, हलत नव्हतं. फोटोसाठी मोटरवर हात ठेवला तर चटका बसला. "पॉवरफुल आहे ना, शेठ." उभ्या मोटरला कसली पॉवर? स्टेपर उभी असतानाही करंट ओढत राहते, तापते. आणि डेमो दिला तो हवेत, खाली लाकूड न लावता. हवेत कोणतीही मोटर पळते. तुमचं लाकूड तुम्ही घेऊन जा, गाठी असलेलं, आणि त्याच्यासमोर चालवायला लावा.

तिसऱ्या महिन्यात बिंग फुटलं. सागवानी दरवाजा, मधे गणपती, भोवती वेल. बिट, म्हणजे कोरायचं पातं, गाठीवर अडला, क्षणभर गुर्र आवाज आला, मग मशीन पुन्हा शांतपणे चालू. स्क्रीनवरचे आकडे बरोबर, अलार्म नाही. पुढचे तीन तास ते इमानेइतबारे चुकीच्या जागी कोरत राहिलं. भुसा झाडला तर सोंडेच्या मध्यापासून खालचा अख्खा गणपती ७ मिलिमीटर उजवीकडे. १८,४०० रुपयांचं लाकूड गेलं, वर गिऱ्हाइकाची बोलणी. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "फीड कमी ठेवा." फीड म्हणजे लाकडातून बिट सरकण्याचा वेग.

भाच्याने मोटर उघडली. म्हणजे मोटर नव्हे, तिच्या पाठीवरची काळी पत्र्याची टोपी, जिच्यावर 'सर्वो' असं स्टिकर होतं. चार स्क्रू काढले. टोपीत काही नाही. हवा. जिथे एन्कोडर असायचा तिथे हवा! मोटरमधून चारच वायर निघत होत्या, लाल, हिरवी, पिवळी, निळी. एन्कोडरची केबल नाहीच. खालच्या पट्टीवर १.८ अंश छापलेलं. "मामा, ही स्टेपर आहे," एवढंच म्हणाला आणि खाली बघत बसला.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं. "हायब्रिड सर्वो आहे ती." हायब्रिड सर्वो नावाचा माल बाजारात आहे, खरं आहे. ती स्टेपरच असते, पण तिला पाठीवर एन्कोडर असतो. माझ्या वाट्याला टोपी आली. बिलावर काय, तर "सीएनसी राउटर, १ नग". सर्वो हा शब्द फक्त त्याच्या तोंडात. बिलावर मोटरचा प्रकार, मॉडेल आणि एन्कोडर लिहून घेतल्याशिवाय पैसा सोडू नका. आणि "नेमा ३४ आहे" म्हणाला तर भारावू नका. ते मोटरच्या तोंडाचं माप आहे, ३.४ इंच. ताकद त्यावरून कळत नाही, प्रकार तर नाहीच.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा, "मशीन चालतंय ना? मग फसवणूक कसली?" एवढ्या लोकांना मी टोपी काढून दाखवली, कोणी वाकून बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा भाच्याने भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काढून दाखवलं, तर म्हणाले हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. वर एकाने हळूच विचारलं, "रोख का दिले? टॅक्स चुकवायला? लिहून घेऊ का तसं?" म्हणजे आरोपी मीच. अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला, तेवढीच कमाई.

१९३० या हेल्पलाइनला फोन केला. म्हणाले, हा नंबर ऑनलाइन फसवणुकीसाठी, तुम्ही तर हातात पैसे दिलेत. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला केला. तक्रार क्रमांक मिळाला. विक्रेत्याने कळवलं की ग्राहक समाधानी आहे, मशीन वापरात आहे, आणि तक्रार बंद झाली. जिल्हा ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणतात, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर लागतो, पण तुमच्याकडे दोन कारागीर आहेत, समोरचा तोच मुद्दा काढणार. म्हणजे मी एकटा उपाशी मेलो असतो तर ग्राहक! कोणी लघुउद्योगांच्या समाधान पोर्टलचं सुचवलं. ते विकणाऱ्याचे पैसे थकले तर. घेणारा बुडाला तर त्याचं काही नाही. बँकेने मशीन बघायला माणूस पाठवला, त्याने पाटीचा फोटो काढला आणि गेला. हप्ता मात्र ५ तारखेला कापला जातो, त्यात कधी चूक नाही. तक्रार नोंदवायला मी आजवर गाडीभाड्याचे आणि वकिलाचे मिळून ९,३५० घालवलेत.

गैरसमज नको. स्टेपर वाईट नाही. थ्रीडी प्रिंटर तिच्यावरच चालतात, हळू आणि अचूक कामाला स्वस्त आणि मस्त. वेग वाढला की तिचा जोर कमी होतो आणि ओझं झेपलं नाही की पायऱ्या सुटतात, एवढं माहीत असेल तर त्या हिशेबाने चालवता येते. ३,९५,००० ला स्टेपर म्हणूनच दिली असती तर मी फीड बेताचा ठेवला असता, आणि आजही त्याला दिवाळीला मिठाई पाठवली असती.

मशीन आलं त्या दिवशी आम्ही पूजा केली होती. हार, नारळ, मी टोपी घालून शेजारी उभा. तो फोटो त्याने जाहिरातीत टाकलाय, खाली 'समाधानी ग्राहक' असं लिहून, माझ्या नंबरासकट. काढ म्हणून चारदा सांगितलं. मागच्या आठवड्यात कराडहून एका पोराचा फोन आला, "दादा, तुमचं सर्वोचं मशीन कसं चाललंय?" मी सगळं सांगितलं, खटके, टोपी, गणपती. म्हटलं, वीज बंद करून आधी शाफ्ट हाताने फिरव आणि एन्कोडरची केबल दाखवा म्हण. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "काल ५०,००० दिले हो, रोख."