आमचा जनावरांचा सरकारी दवाखाना : शेरडं पाळणारीचा अनुभव

माझ्याकडं अकरा उस्मानाबादी शेरडं आहेत. नऊ वर्षं झाली, त्यांचं दुखणंखुपणं गावच्या सरकारी दवाखान्यातच बघते. दवाखाना श्रेणी-२ चा, म्हणजे डॉक्टर नाहीत, पशुधन पर्यवेक्षक ताई आहेत. सहा गावांना त्या एकट्याच.

आधी त्यांचा हातगुण सांगते. गेल्या दिवाळीत माझी बांडी शेळी अडली. पाणमोट फुटून तास झाला तरी बाहेर दोन खुरांचे शेंडेच. ताईंनी बांगड्या काढून माझ्याकडं दिल्या, हात धुऊन तेलासारखं औषध चोळलं. शेळीची वाट अरुंद, गाईसारखं तिथं चालत नाही. बोटांनीच चाचपत म्हणाल्या, "काकू, मान मागं वळलीय. शेपूट वर धरा, ओढायची घाई नको." करडू जरा आत सारलं, तोंड सरळ केलं आणि शेळीनं कळ दिली की तेवढ्यापुरतंच ओढलं. ते सुटलं तसं मागून दुसरंही आलं. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या. खर्च केसपेपरचा, नाममात्र.

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग, त्याची लस द्यायलाही त्या वाड्यावर स्वतः आल्या. बर्फाच्या थर्मासातून बाटली काढली, आधी सगळी शेरडं दावणीला बांधून घेतली आणि मगच लस कालवली. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर फुकट जाते. एका टोचणीला तीन वर्षं बघायला नको. असं कामाचं माणूस असताना तक्रार करणं जिवावर येतं, पण करायलाच हवी.

आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष होण्याचा आजार, त्याची लस पावसाच्या आधी मिळाली पाहिजे. कोवळं गवत फुटलं की शेरडं अधाशासारखी खातात, आणि हा आजार त्यातली धष्टपुष्ट करडंच आधी उचलतो. गेल्या वर्षी मी जूनभर हेलपाटे घातले, "वरून आली नाही" एवढंच उत्तर. जुलैत एक करडू संध्याकाळी आईला ढुसण्या देत पीत होतं, ते पहाटे पाय झाडत पडलं. उजाडायच्या आत गेलं. दोन दिवसांनी दुसरं. लस आली ती त्यानंतर. पहिल्यांदाच टोचताना पंधरा दिवसांनी परत द्यावी लागते, म्हणजे उशिरात आणखी उशीर.

त्या पहाटे मी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरालाही फोन लावला होता. नंबर फुकट, माणूस नीट बोलला, पण गाडी दिवसाच निघते. केंद्राच्या योजनेत एक लाख जनावरांमागं एकच फिरती गाडी धरलीय, त्यात शेरडाची पाळी कधी येणार? गाय पडली तर चार जण धावतात. शेरडू म्हटलं की "बघू सकाळी". माझ्या घरचा किराणा आणि पोराची फी याच शेरडांवर निघते.

ताईंना पाचपैकी पाच. दवाखान्याला तीन, तेही त्यांच्यामुळं. सहा गावांना आणखी एक माणूस द्या, आणि लस कधी येणार ते दारावरच्या फळ्यावर लिहा, म्हणजे निदान तोवर करडं कोवळ्या गवतावर सोडणार नाही.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन विचारलं. ताईंनी वहीत माझं नाव आणि शेरडांचा आकडा लिहून घेतला. लस अजून आलेली नाही.