आर्वी-तळेगाव रस्त्यावरचे गॅरेज : वळताना कुरकुरणाऱ्या गाडीचे निदान

आर्वीहून तळेगावकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याच्या शेडमध्ये असलेल्या या गॅरेजला नावाची पाटी नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांची चळत दिसली की गाडी आत घ्यावी. काम मुख्यतः ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांचे असले तरी लहान मोटारींच्या पुढच्या भागातील, म्हणजे शॉकअप (हादरे झेलणारा भाग), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि स्टिअरिंगच्या, दोषांसाठी मी हे ठिकाण नि:संकोचपणे सुचवीन. येथील मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी आवाज नेमका कोठून येतो हे शोधतात, आणि ही गोष्ट मला जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या वर्कशॉपमध्येही आढळली नव्हती.

माझी जुनी हॅचबॅक स्टिअरिंग वळवताच वंगण नसलेल्या बंडीच्या चाकासारखी कुरकुरत असे. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू वळवताना आवाज मोठा येई, सरळ रस्त्यावर मुळीच येत नसे. त्या मोठ्या वर्कशॉपने गाडीखाली न डोकावताच स्टिअरिंगचा संपूर्ण रॅक (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा दांडा) बदलण्याचा सल्ला दिला होता. येथे मात्र मिस्त्रींनी आधी प्रश्न विचारले: आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या, गतिरोधकावरून जाताना येतो का, पावसाळ्यात कमी होतो का? पॉवर स्टिअरिंग तेलाचे असते तर पट्टा आणि पंप आधी तपासावे लागले असते, कारण स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर ढिला पट्टा किंचाळतो. माझ्या गाडीत ते विजेच्या मोटरवर चालत असल्याने ही शक्यता तेथेच बाद झाली. वळताना टकटक असा आवाज येत असता तर एक्सलच्या चाकाकडील सीव्ही जॉइंटवर (चाक वळलेले असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्यावर) संशय गेला असता. कुरकूर आणि टकटक यांतला फरक गाडीमालकाला सांगता आला, तर अर्धे काम तेथेच होते.

त्यानंतरची तपासणी पाहण्यासारखी होती. मदतनीस मुलगा स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत होता आणि मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक आळीपाळीने बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोलाकार सांधा), टाय रॉडचे (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याचे) टोक आणि लोअर आर्मच्या बुशवर (रबरी अस्तरावर) टेकवून त्याची मूठ कानाला लावत होते. बुशवर पाणी शिंपडून पाहिले, कारण रबर कोरडे पडले असेल तर पाण्याने आवाज क्षणभर थांबतो. तो थांबला नाही. पहारीने लोअर आर्म उचकटून पाहिल्यावर बॉल जॉइंटमध्येही ढिलेपणा आढळला नाही. अखेर चाकाच्या कमानीतून हात घालून त्यांनी शॉकअपच्या स्प्रिंगवर बोटे ठेवली, तेव्हा स्प्रिंग सहज न फिरता आधी पीळ घेते आणि मग झटक्याने सुटते, हे मलाही हात लावून कळले. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधील (शॉकअप गाडीला जोडणाऱ्या बैठकीतील) बेअरिंगमुळे चाक वळताना स्प्रिंगसह सगळा शॉकअप फिरतो. ते बेअरिंग जाम झाले की पीळ स्प्रिंगवर येतो आणि त्यातूनच तो आवाज निघतो.

बॉनेट उघडल्यावर डाव्या माउंटिंगवरची प्लास्टिकची टोपी नाहीशी झालेली दिसली. पांदण रस्त्यांवरची काळी माती आणि पावसाचे पाणी तेथून आत शिरले असावे, असे मिस्त्रींचे मत पडले आणि ते मला पटले. तात्पुरते तेल मारून भागेल का, असे विचारता ते म्हणाले, "भाऊ, तेल टाकलं त आज आवाज बंद होईन, पन सकायी रबर फुगलं त मंग?" खनिज तेलाने किंवा साध्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते, हे खरेच आहे, रबरी भागासाठी सिलिकॉनचे वंगण वापरावे लागते.

दुरुस्तीत एका गोष्टीकडे माझे विशेष लक्ष होते. माउंटिंग काढण्यासाठी स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि ती चुकून सुटली तर माणूस जायबंदी होऊ शकतो. काही ठिकाणी स्प्रिंग साखळीने आवळून हे काम उरकतात. येथे समोरासमोर लावण्याचे, स्प्रिंग दाबून धरणारे दोन हुकवाले कॉम्प्रेसर होते आणि दोन्ही बाजू थोड्या-थोड्या आळीपाळीने आवळल्या गेल्या. बेअरिंगसह माउंटिंग दोन्ही बाजूंचे बदलले, कारण उजवेही फिरताना खरखरत होते. दोन्ही माउंटिंगचे १,९०० आणि मजुरीचे ८०० रुपये झाले. जुने सुटे भाग न मागता डिकीत ठेवून दिले होते. आवाज पूर्णपणे गेला आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येऊ लागले. बेअरिंगच्या अडथळ्यामुळे तेही बिघडले होते, हे मला तोवर जाणवलेच नव्हते.

उणिवाही आहेत. सुटे भाग अमरावतीहून मागवावे लागतात, त्यामुळे गाडी एका दिवसात मिळेल असे गृहीत धरू नये. सोयाबीनच्या हंगामात तर ट्रॅक्टरना आधी मान मिळतो, आणि या भागात त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. शॉकअप खोलल्यानंतर आवश्यक असलेले व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) येथे होत नाही. ते वर्ध्याला किंवा अमरावतीला करून घ्यावे लागते, आणि तसे मिस्त्री स्वतःच बजावून सांगतात. बिल वहीच्या पानावर मिळते, त्यावर शिक्का नसतो, म्हणून वॉरंटीत असलेली गाडी येथे आणू नये. गाडीच्या संगणकातील दोष वाचणारा स्कॅनर नसल्यामुळे एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा एअरबॅगचा दिवा लागलेल्या गाडीसाठीही दुसरे ठिकाण पाहावे.