टेस्टरच्या चिठ्ठीवरचा 500 चा आकडा

"मी नाही म्हणत साहेब, मशीन म्हणतंय." बॅटरी विकणारा असं म्हणाला, तर मशीनमध्ये त्याने आधी काय भरलं ते बघा. माझ्या छोट्या गाडीची चांगली बॅटरी याच वाक्यावर काढली गेली आणि तिच्या जागी 'नवी' म्हणून कुणाची तरी वापरलेली बसवली गेली. पद्धत इतकी सफाईदार आहे की सगळं सविस्तर लिहितो.

तक्रार साधी होती. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जड फिरायचा. दिवे, हॉर्न ठीक. दुकानदाराने बोनेट उघडून टेस्टरचे दोन चिमटे लावले, चारदोन बटणं दाबली आणि छापील चिठ्ठी हातात दिली. व्होल्टेज 12.58, निकाल: बॅटरी बदला.

इथेच थांबायला हवं, कारण 12.58 हा आकडा वाईट नाहीच. गाडी काही तास बंद असताना 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली गेली की उतरलेली. अर्थात व्होल्टेज चांगलं असूनही बॅटरी आतून थकलेली असू शकते, म्हणूनच तर टेस्टर लावतात. तो बॅटरीत बारीकसा सिग्नल सोडून ती सेल्फ मारताना किती अँपिअर देऊ शकेल याचा अंदाज काढतो. पण आलेला आकडा पुरेसा की कमी, हे त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी बॅटरीचं मूळ रेटिंग, म्हणजे लेबलवरचा सीसीए, बटणं दाबून हाताने भरावा लागतो. पूर्ण भरलेली बॅटरी उणे 18 अंश सेल्सिअसला 30 सेकंदांपर्यंत, 7.2 व्होल्टच्या खाली न घसरता जेवढे अँपिअर देते, तो सीसीए. रेटिंगची दुसरी मानकंही आहेत, त्यामुळे लेबलवर जे मानक असेल तेच टेस्टरवर निवडायचं असतं.

माझ्या जुन्या बॅटरीच्या लेबलवर सीसीए 300 होता. माप कळावं म्हणून मी आधीच लेबलचा फोटो काढून ठेवला होता. चिठ्ठीवर मोजलेले अँपिअर 265, आणि त्याच्या वर बारीक अक्षरांत रेटिंग 500. 300 पैकी 265 देणारी बॅटरी अजून धडधाकट म्हणायची. 500 पैकी 265 देणारी भंगारात जाते. मशीनने हिशेब अगदी बरोबर केला होता.

मग सेल्फ जड का फिरत होता? ऋण टर्मिनलच्या क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती आणि क्लॅम्प ढिला होता. एवढ्याने सेल्फला पुरेसा प्रवाह पोचत नाही. दुकानदाराने बॅटरी बदलताना वायर ब्रशने क्लॅम्प लख्ख घासले आणि पाना लावून घट्ट आवळले. साहजिकच गाडी पहिल्या झटक्यात उचलली. त्या क्षणी कुणाच्या मनात शंका येईल? खरा इलाज फुकटातला होता आणि त्याचं श्रेय नव्या बॅटरीने खाल्लं. जुनी बॅटरी एक्सचेंजची सूट देऊन त्याने ठेवून घेतली, म्हणजे पुरावाही त्याच्याच दुकानात राहिला. बॅटरीतलं शिसं पुन्हा वितळवून वापरतात, म्हणून जुनीला खरीखुरी किंमत असते आणि एक्सचेंजमध्ये गैर काही नाही. पण दुसरीकडे तपासून घेईपर्यंत ती देऊ नये.

आता त्या 'नवी'बद्दल. "त्याच आकारात 35 च्या जागी 45 एएच चढवतो," हे त्याचं आमिष. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप. बॅटरीची क्षमता शेवटी आत किती शिसं आहे यावर ठरते. त्याच डब्यात थोडा फरक पडू शकतो, पण 10 एएच जास्त म्हणजे वजनातही तो दिसायलाच हवा. थंडी पडली आणि ही बॅटरीही सकाळी हात वर करू लागली. तेव्हा दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने ती बाहेर काढली. वजनकाट्यावर ती कंपनीच्या माहितीपत्रकात त्या मॉडेलचं दिलेलं वजनही भरेना. लेबलचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं लेबल, 35 एएचचं. उत्पादनाच्या तारखेचा कोड डब्यावर कोरलेला असतो, तिथे प्लास्टिक तापवून गुळगुळीत केलेलं. टर्मिनलचे खुंट पॉलिश केलेले, तरी बुडाशी जुन्या क्लॅम्पचे ओरखडे शिल्लक होते. नव्या बॅटरीच्या खुंटांवर टोप्या असतात आणि शिशावर चावल्याच्या खुणा नसतात. हे बघायला कसलंही यंत्र लागत नाही.

तारखेचा कोड न विसरता बघा. विकली न गेलेली बॅटरीसुद्धा पडून पडून हळूहळू उतरते आणि तशीच राहिली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. ते चार्ज करून सगळे जात नाहीत. कोड वाचायची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते, ती आधी शोधून मगच दुकानात जावं.

मापाचंही सांगतो. 38बी20एल असं लिहिलेलं असेल तर बी हा रुंदी-उंचीचा वर्ग, 20 म्हणजे सेंटिमीटरमध्ये अंदाजे लांबी आणि एल किंवा आर म्हणजे धन टोक कुठल्या बाजूला. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही, किंवा ओढूनताणून पोचवतात, जे आणखी वाईट. इंजिन सिग्नलला आपोआप बंद पडणारी गाडी असेल तर ईएफबी किंवा एजीएमच लागते, म्हणजे इंजिन वारंवार बंद-चालू होणं सोसण्यासाठी बनवलेली बॅटरी. साधी बॅटरी स्वस्तात बसवून देणारा तुमचं भलं करत नाहीये.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने आधी अल्टरनेटरवर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर, ढकललं. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, 14.2 व्होल्ट. म्हणजे चार्जिंग ठीक. मग वॉरंटी कार्ड काढलं, तर त्यावरचा सीरियल नंबर बॅटरीवरच्या नंबराशी जुळेना आणि शिक्क्याच्या जागी नुसती सही. वॉरंटीचे महिने त्याने तोंडी भरपूर सांगितले होते. त्यांतल्या पहिल्या भागातच फुकट बदली होती आणि पुढच्या महिन्यांत नवीवर फक्त सूट, हे कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. कंपनीच्या माणसाने फोनवर नंबर ऐकला आणि हा आमच्या या मॉडेलचा नंबरच नाही, असं सांगितलं.

जुनी बॅटरी परत मागितली तर "भंगारात गेली." ती कुणाच्या तरी गाडीत नव्या लेबलाखाली बसली असावी असा माझा दाट संशय आहे. मी चिठ्ठीची फोटोप्रत आणि लेबलचा फोटो शेजारी शेजारी ठेवले (मूळ चिठ्ठी दिली नाही, देऊही नये), 300 आणि 500 वर बोट ठेवलं आणि ग्राहक मंचाचं नाव काढलं. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तसे पैसे परत आले. पूर्ण नाही. टर्मिनल साफ केल्याची मजुरी त्याने कापून घेतली.